टिपणाला पत्ता हवा!

ज्या घरात प्रबंध लिहिणारे माणूस असते, ते घर ओळखावे कसे? अगदी सोपे आहे. जेवणाच्या टेबलाचा निम्मा भाग कायमचा कागदांनी व्यापलेला असतो आणि उरलेल्या निम्म्यावर घरची माणसे अंग चोरून जेवत असतात. पुस्तकांतून रंगीत कागदांच्या जिभा बाहेर डोकावत असतात. विजेच्या बिलाच्या पाठीवर 'हे फार महत्त्वाचे!' असे लिहिलेले असते. पण काय महत्त्वाचे, ते मात्र लिहिलेले नसते. दिवाळीची झाडलोट जवळ आली की घरात सरळ दोन पक्ष पडतात. एक पक्ष म्हणतो, "ही रद्दी काढा." दुसरा पक्ष कागदांवर पालथा पडून म्हणतो, "खबरदार! ही माझी साधने आहेत."

आमच्या घरातला हा दुसरा पक्ष म्हणजे मी. महाविद्यालयात मराठी शिकवते. एम. ए. होऊन वीस वर्षे लोटली आणि चाळिशी उलटल्यावर पीएच. डी.साठी नाव नोंदवले. विषय घेतला जात्यावरच्या ओव्यांचा. तो ऐकून शेजारच्या काकू म्हणाल्या, "अगं, त्यात शोधायचं काय? दळायचं नि गायचं!" यजमानांचा प्रश्न अधिक व्यावहारिक होता. "ओव्या तोंडी असतात ना? मग एवढे कागद कशाला?"

प्रश्न रास्त आहे. ज्या घरांत अशी मुले, सुना किंवा सासवा प्रबंधाला बसल्या आहेत, त्या सर्व घरांतर्फे त्याचे उत्तर द्यावे, म्हणून हा लेखप्रपंच.

प्रबंध म्हटला की लोकांना लिहिणे आठवते. पण लिहिणे हा त्यातला शेवटचा आणि मानाने सोपा भाग. खरे काम असते ते गोळा करण्याचे आणि गोळा केलेले नीट ठेवण्याचे. त्या ठेवण्याचे सारे मर्म एका शब्दात सांगता येते. तो शब्द म्हणजे 'कुठून?' हे वाक्य कुठून घेतले? ही माहिती कोणी दिली? हा विचार माझा की दुसऱ्याचा? ज्या टिपणाला या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही, ते टिपण म्हणजे पत्ता नसलेले पाकीट. आत कितीही मौल्यवान मजकूर असो, ते कुठेच पोचत नाही.

ही विद्या विद्यापीठातच शिकावी लागते असे मात्र कोणी समजू नये. माझ्या सासूबाईंची पदार्थांची एक जुनी वही आहे. तिच्यात एका पानावर लिहिले आहे: 'अनारसे. बेळगावच्या मामींकडून. गूळ थोडा जास्त चालतो, असे इंदूरच्या वन्सं म्हणतात. मी करून पाहिले. अनारसे हसले.' ज्यांनी तुपात सोडलेला अनारसा हसताना, म्हणजे फुटून पसरताना पाहिला आहे, त्यांना या शेवटच्या दोन शब्दांतले दुःख कळेल! पण मला त्या पानाचे कौतुक निराळ्याच कारणासाठी वाटते. मूळ कृती कोणाची, त्यावर दुसऱ्याचे मत काय आणि स्वतःचा अनुभव काय, या तीन गोष्टी सासूबाईंनी तीन ठिकाणी ठेवल्या आहेत. एकीची दुसरीत सरमिसळ नाही. संशोधनाच्या टिपणाची याहून चांगली व्याख्या मला कुठल्याही ग्रंथात सापडलेली नाही.

आपल्याकडच्या मोठमोठ्या विद्वानांनी तरी दुसरे काय केले? इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गावोगाव हिंडले. वाड्यांच्या माळ्यांवर, देवघरांत आणि फडताळांत पडलेले कागद त्यांनी शोधले, वाचले आणि 1898 पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या नावाने खंडामागून खंड छापले. असे बावीस खंड झाले. नाव पाहा, 'इतिहास' नव्हे, 'इतिहासाची साधने'! आधी कागद नीट लावू, मग बोलू, हा त्यातला बाणा आहे. पुण्याच्या पेशवे दफ्तरात तर कागदांचे गठ्ठे कापडात बांधून ठेवण्याची जुनी रीत, आणि त्या गठ्ठ्यालाच 'रुमाल' म्हणतात. आजही अभ्यासक तिथला मोडी कागद उद्धृत करतो, तेव्हा रुमालाचा क्रमांक देतो. रियासतकार गो. स. सरदेसायांनी याच दफ्तरातून निवडक कागदांचे पंचेचाळीस भाग सिद्ध केले.

भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातील महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीची कथा अशीच ऐकण्यासारखी आहे. 1919 साली काम सुरू झाले आणि 1966 साली संपले. एकोणीस ग्रंथ झाले. बाराशेंहून अधिक हस्तलिखिते त्यासाठी पाहण्यात आली. एवढा पसारा आवरायचा कसा? पद्धत साधी होती. एका मोठ्या चौकटीच्या कागदावर सर्वांत वर श्लोक लिहावयाचा, एका चौकोनात एक अक्षर. मग खाली एकेका हस्तलिखिताची ओळ. जिथे अक्षर निराळे असेल, तिथेच त्या चौकोनात ते लिहावयाचे. पाठ काश्मीरचा की मलबारचा, हे कागदाकडे पाहताच कळावे. या कामाची घडी बसवणारे डॉ. वि. स. सुखठणकर 1943 साली वारले. पण काम थांबले नाही. कारण ते त्यांच्या डोक्यात नव्हते, कागदावर होते.

पुण्यातच डेक्कन कॉलेजात संस्कृतचा ऐतिहासिक कोश चालू आहे. 1948 साली डॉ. सु. मं. कत्रे यांनी तो हाती घेतला. सुमारे दीड हजार संस्कृत ग्रंथ वाचून त्यातले शब्द चिठ्ठ्यांवर उतरवण्यात आले. एका चिठ्ठीवर एक शब्द, त्याचा संदर्भ, ग्रंथाचे नाव आणि स्थळ. अशा चिठ्ठ्या सुमारे एक कोटी झाल्या! पहिला भाग छापून आला तो 1976 साली. म्हणजे जवळजवळ तीन दशके वेचणे आणि लावणे, आणि मग छापणे. आमच्या टेबलावरच्या पसाऱ्याबद्दल कुरकूर ऐकू आली की मी ही एक कोटीची गोष्ट सांगते. घर तेवढ्यापुरते शांत होते.

आणि चिठ्ठी हरवली तर काय होते? सुप्रसिद्ध ऑक्सफर्ड इंग्रजी कोशाचे संपादक जेम्स मरे यांनी चिठ्ठ्यांसाठी हजारावर खणांचे कप्पे करून घेतले होते. एवढा कडक बंदोबस्त असूनही 'बाँडमेड', म्हणजे दासी, या शब्दाच्या चिठ्ठ्या कुठेतरी गहाळ झाल्या. 1888 साली पहिला खंड पुरा झाला, त्यात शब्दच नाही! बिचाऱ्या दासीला कोशात जागा मिळायला 1933 ची पुरवणी उजाडावी लागली.

परंतु हरवलेल्या चिठ्ठीपेक्षाही हाती असलेली, पण मुकी चिठ्ठी अधिक छळते. हे मला कळले ते चार ट्रंकांमुळे.

आमच्या क्षेत्रातले एक वृद्ध प्राध्यापक वारले. फार भला आणि कष्टाळू माणूस. सत्तर-ऐंशीच्या दशकांत रविवार आला की खांद्याला शबनम अडकवून ते एस. टी.ने खेडोपाडी जात आणि बायाबापड्यांकडून ओव्या उतरवून घेत. त्यांच्या पत्नीने मला बोलावून त्यांच्या चार ट्रंका दाखवल्या. आत हजारो चिठ्ठ्या, मोत्यांसारखे अक्षर! मी हरखून गेले. पण चिठ्ठ्या उलटवून पाहू लागले, तसतसा जीव खाली खाली जाऊ लागला. कुठे 'म्हातारी, गाव तेच' असे लिहिलेले. कुठे 'परवाचीच बाई'. कुठे नुसतेच 'वरीलप्रमाणे'. घर बदलताना ट्रंका उपड्या झालेल्या, त्यामुळे 'वर' काय होते ते आता देवच जाणे! सरांना त्यातली प्रत्येक बाई डोळ्यांपुढे दिसत असणार. पण ते डोळे मिटले, आणि त्या बायाही त्यांच्याबरोबर गेल्या.

काकूंनी विचारले, "होईल ना गं याचं पुस्तक? आयुष्य घातलं त्यांनी यात."

या प्रश्नाला काय उत्तर द्यावे? मी पुरी उन्हाळ्याची सुटी त्या ट्रंकांपाशी बसले. तेव्हा मदत आली ती काकूंच्याच कपाटातून. त्यांनी संसाराच्या जमाखर्चाच्या सगळ्या वह्या जपून ठेवल्या होत्या. 'रविवार. ह्यांचे पौडला जाणे-येणे. एस. टी. व चहा.' तारीख, गाव, रक्कम, सारे जागच्या जागी! ज्या चिठ्ठ्यांवर निदान तारीख होती, त्यांची गावे या वह्यांवरून लागत गेली. काकूंचा चेहरा उजळला. नवऱ्याच्या संशोधनाची हरवलेली सूची आपण दुधा-भाजीच्या हिशेबात लिहून ठेवली होती, याची त्यांना कल्पनाही नव्हती. गावे मिळाली, बायांची नावे मात्र मिळाली नाहीत. ती आता मिळणारही नाहीत. काकूंना मी तसे स्पष्ट सांगितले. पुस्तक होईल, पण त्यात ओव्या असतील आणि त्या गाणाऱ्या नसतील.

याच्या शेजारी दुसरे उदाहरण ठेवून पाहावे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी आपल्या सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या हजारावर गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. तीन हजारांवर बायांनी त्या गायल्या. ओवी, तिची गाणारी आणि तिचे गाव यांची गाठ त्यांनी सुटू दिली नाही. 2017 पासून तो ठेवा 'पारी' या संस्थेने संगणकाच्या जालावर सर्वांसाठी खुला केला आहे. काम तेच, कष्टही तसेच. फरक काय तो पत्त्याचा.

आता माझ्या टेबलावरच्या पसाऱ्यात नियम कोणते, ते सांगते. कुणा नवशिक्याच्या उपयोगी पडतील.

पहिला नियम, एका चिठ्ठीवर एकच गोष्ट. दोन लिहिल्या की एक सापडते आणि दुसरी तिच्या पाठीमागे लपते.

दुसरा नियम, आधी पत्ता आणि मग मजकूर. पुस्तक असेल तर लेखक, नाव, आवृत्ती, वर्ष आणि पान. माणूस असेल तर नाव, गाव, तारीख आणि नाव छापायला त्याची संमती. पुस्तकाचा फोटो घ्यायचा तर पहिला फोटो नावाच्या पानाचा. नाहीतर फोनमध्ये चार हजार फोटो होतात आणि एकाही पानाचे कुळ कळत नाही!

तिसरा नियम सासूबाईंच्या वहीतला. मूळ शब्द जसेच्या तसे घेतले तर काळ्या शाईने आणि अवतरणचिन्हांत. दुसऱ्याचे म्हणणे माझ्या शब्दांत असेल तर निळ्या शाईने. माझा स्वतःचा विचार असेल तर हिरव्या शाईने, खाली तारीख घालून. हा नियम विशेष जपण्याचे कारण आहे. वाङ्मयचौर्य करणारे सगळेच काही चोर नसतात. पुष्कळदा एखादा परिच्छेद घाईत उतरवलेला असतो आणि अवतरणचिन्हे राहून गेलेली असतात. सहा महिन्यांनी तो वाचताना वाटते, 'वा, काय छान लिहिले होते मी!' विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमांनुसार प्रबंधातले साम्य दहा टक्क्यांपुढे गेले की तो सुधारून पुन्हा द्यावा लागतो, आणि साठ टक्क्यांपुढे गेले तर नोंदणीच रद्द होते. पण यंत्राच्या धाकाने प्रामाणिक राहण्यापेक्षा तीन शायांची सवय बरी, असे मला वाटते.

चौथा नियम, चिठ्ठीला क्रमांक द्यावा आणि तो कधीही बदलू नये. नवशिके लोक चिठ्ठ्या विषयवार लावतात आणि अडचणीत येतात. एखाद्या ओवीत माहेर असते, भाऊ असतो आणि पाऊसही असतो. ती ठेवावी कोणत्या खणात? म्हणून चिठ्ठ्या क्रमांकाने ठेवाव्यात आणि विषयांची सूची निराळ्या वहीत करावी. सूचीत एकाच चिठ्ठीला दहा ठिकाणी हजर राहता येते. निकलास लूमान नावाच्या जर्मन समाजशास्त्रज्ञाने याच रीतीने, जागा न बदलणारे क्रमांक देऊन, सुमारे नव्वद हजार चिठ्ठ्या सांभाळल्या. माझ्या ध्वनिमुद्रणाचे, फोटोचे आणि चिठ्ठीचे क्रमांक एकच असतात. एक सापडले की तिन्ही सापडतात.

पाचवा नियम, एक रोजनिशी ठेवावी. आज कुठे गेलो, काय पाहिले आणि काय *सापडले नाही*. न सापडल्याची नोंद फार मोलाची. तेच कपाट पुन्हा उघडण्याचे श्रम वाचतात.

सहावा नियम, जे जपायचे ते तीन ठिकाणी असावे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1917 साली लंडनहून परतले, तेव्हा त्यांचा ग्रंथसंग्रह निराळ्या बोटीने येत होता. महायुद्धाचा काळ, ती बोट पाणतीराने बुडवली आणि विद्यार्थिदशेत पोटाला चिमटा घेऊन जमवलेली पुस्तके समुद्राच्या तळाशी गेली. थॉमस कार्लाइल यांच्या फ्रेंच राज्यक्रांतीवरील ग्रंथाच्या पहिल्या भागाचे हस्तलिखित 1835 साली एका मित्राच्या घरी जळाले. एकच प्रत होती, त्यामुळे सगळे पुन्हा लिहावे लागले. आज आपल्याला एवढे सोसण्याचे कारण नाही. माझी एक प्रत संगणकावर, दुसरी नाशिकला भावाकडे आणि तिसरी जालावर असते. 'झोटेरो'सारखी फुकट मिळणारी साधने संदर्भसूचीही सांभाळतात. मात्र यंत्र जे देतो तेच ठेवते. पत्ता आपणच लिहावा लागतो.

इतका खटाटोप केल्याने साधते काय, असे कोणी विचारील. याचे उत्तर मला मुळशी तालुक्यातल्या एका अंगणात मिळाले.

तिथल्या एका आजींनी मला दोन दुपारी बसून ओव्या सांगितल्या होत्या. आवाज थकलेला, पण ताल पक्का. वर्षाने मी प्रकरणाचा कच्चा खर्डा घेऊन गेले, तो आजी राहिल्या नव्हत्या. अंगणात त्यांची नात होती, बारावीत शिकणारी. ती म्हणाली, "मॅडम, आजी सांगायची, एक बाई माझी गाणी लिहून घेऊन गेली. खरंच लिहिलंत? आजीचं नाव आहे त्यात?"

मी सूची उघडली, क्रमांक पाहिला आणि चिठ्ठी काढली. वर आजींचे पूर्ण नाव, गाव, तारीख. नातीने ते बोटाने वाचले. मग त्याच क्रमांकाचे ध्वनिमुद्रण मी फोनवर लावले. अंगणात आजींचा आवाज आला. मध्येच त्या थांबतात आणि कुणाला तरी ओरडतात, "अगं, कोंबड्यांकडं बघ!" नात एकदम हसली आणि हसता हसता रडू लागली. कारण ज्या पोरीला त्या ओरडल्या होत्या, ती हीच होती. आतून तिची आई आली. दोघीजणी उंबऱ्यावर बसल्या आणि ते मुद्रण त्यांनी तीनदा ऐकले.

त्या घरात आजींचा फोटो एकच होता, तोही आधार कार्डावरचा. सात-बाऱ्यावर त्यांचे नाव नव्हते. जन्मभर त्यांनी जे रचले, जे गायले, त्यावर त्यांची मालकी सांगणारा कागद म्हणजे माझ्या पेटीतली ही एक चिठ्ठी. तळटीप म्हणजे परीक्षकांची समजूत काढण्यासाठी घातलेला बारीक अक्षरांतला मजकूर नव्हे. ज्याचे त्याला देण्याची ती पावती आहे.

तेव्हा वाचकहो, यंदाच्या झाडलोटीत घरातल्या प्रबंधवाल्याच्या कागदांना हात लावण्यापूर्वी एकदा विचारा. आणि फराळ आटोपल्यावर घटकाभर सवड काढून घरातल्या वडीलधाऱ्यांजवळ बसा. जुन्या फोटोंच्या पाठीवर माणसांची नावे लिहा, गाव लिहा, साल लिहा. फोनमधल्या फोटोंनाही तेवढाच मान द्या. चकलीच्या भाजणीचे प्रमाण कोणाकडून आले, तेही वहीत उतरवून ठेवा. सांगणारी माणसे समोर आहेत तोवर 'कुठून?' हा प्रश्न फुकट विचारता येतो. पुढे त्याला कितीही किंमत मोजली तरी उत्तर मिळत नाही.